ताई, तो कागद तुम्ही वाचून दाखवलात

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत मांडणं बरं दिसणार नाही. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात त्या दुपारी आरोग्यमित्राच्या, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्याच्या, टेबलावर तुम्ही होता. वाचलंत तर ओळखालच.

बाबा घरी आलेत. जेवतात, थोडं फिरतात आणि दुकान कधी उघडायचं यावरून आईशी रोज वाद घालतात. डॉक्टरांनी हवा भरायचा हातपंप मारायला अजून मनाई केली आहे. हे तुम्हाला आधी कळावं असं वाटलं, कारण डिस्चार्जच्या दिवशी तुमच्या टेबलाभोवती इतकी गर्दी होती की नीट बोलताच आलं नाही.

आमच्याकडे विमा नाही. पाचपावलीतल्या पंक्चरच्या दुकानावर घर चालतं, त्यात विम्याच्या हप्त्याला उरतं काय? बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा ऑटोत घालून त्यांना आधी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने लगेच ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, ब्लॉकेज असेल असं सांगितलं. त्याला मी नावं ठेवणार नाही. पण काउंटरवरच्या माणसाने मान वर न करताच डिपॉझिटचा आकडा सांगितला. आई हात जोडून उभी होती. गरिबांसाठी काही सोय आहे का, असं मी विचारलं. "इथे तसं काही नसतं," एवढंच उत्तर मिळालं. मग पेशंट नेत असाल तर सही करा, म्हणून त्याने आईपुढे एक कागद सरकवला. तिचा चष्मा घरी राहिला होता. तिने सही केली. त्या कागदावर काय होतं ते मी नंतर वाचलं: आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या मर्जीने रुग्णाला घेऊन जात आहोत.

स्वतःच्या मर्जीने! हे दोन शब्द मला अजून झोपू देत नाहीत.

अशा ट्रस्टच्या, म्हणजे धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे मला आता कळलंय. इतर रुग्णांच्या बिलांतले 2 टक्के याच कामासाठीच्या निधीत बाजूला काढायचे असतात. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी अडवायचं नाही, हेही ठरलेलं आहे. त्या माणसाला हे माहीत नसेल? रोज त्याच खुर्चीत बसतो तो. एक वाक्य बोलायला त्याचं काय गेलं असतं?

तिथून आम्ही तुमच्याकडे आलो. बाबांना आत घेतलं आणि मी रेशनकार्ड, आधार घेऊन तुमच्या टेबलाशी धावले. रेशनकार्डावर बाबांचं नाव एक आणि आधारवर जरा वेगळं. आता परत पाठवणार, असं धरूनच मी उभी होते. तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणालात, "हे आपण करून घेऊ, त्याची काळजी नका करू. आधी फोनवर मंजुरी घेते, उपचार थांबणार नाहीत." कागदांचं पुढे काय काय झालं ते तुम्हालाच माहीत. आम्हाला त्याची झळ लागली नाही.

पण मला लिहायचंय ते त्यानंतरचं. फॉर्मवर आईची सही हवी होती. सही म्हटल्यावर ती मागे सरकली, रडायलाच लागली. "काहून रडून राहिल्या काकू?" असं म्हणत तुम्ही टेबलामागून उठून आलात आणि बाकावर तिच्या शेजारी बसलात. तिला दिसत नाही हे कळल्यावर तो कागद तुम्ही पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलात. ओळीखाली डॉटपेनचं टोक फिरत होतं, आणि प्रत्येक ओळीनंतर तुम्ही थांबून विचारत होता, "समजलं ना जी?" रुग्णाकडून पैसे घेतले जाणार नाहीत, या ओळीशी आल्यावर आई म्हणाली, "पुन्हा वाच बाई." तुम्ही पुन्हा वाचलंत. तिसऱ्यांदाही वाचलंत. मागे रांग होती, कुणीतरी कुरकुरलंही. तुम्ही मात्र आईच्या तोंडाकडे बघत होता. मग तिने सही केली, पूर्ण नाव लिहून, सावकाश.

बाबांना स्टेंट बसला. स्टेंट, औषधं, तपासण्या, जेवण, कशालाच आमच्याकडून पैसा लागला नाही. तो खर्च सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने केला. ही योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली होती. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती पाच लाखांवर नेण्याचा निर्णय 2023 साली झाला. म्हणजे हा हक्क इतकी वर्षं आमचाच होता आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नव्हता. योजना सरकारची खरी, पण ती आमची आहे हे तुम्ही आईला बाकावर बसून सांगितलंत, तेव्हा कुठे ती आमच्यापर्यंत पोचली. आईला त्या दिवशी भीक मागितल्यासारखं वाटलं नाही, ताई. यासाठी तुमचे आभार कसे मानावेत?

चांगली माणसं त्या दिवशी आणखीही भेटली. भाडं न घेताच वळून गेलेला ऑटोवाला. रात्री आईला वॉर्डाबाहेर अंथरायला स्वतःची सतरंजी देणारी बालाघाटकडची एक बाई, जिचा मुलगा आतच होता. यांच्यापैकी कुणाजवळ फार काही होतं असं नाही. मोठ्या काचेच्या दारांमागे मिळालं नाही ते इथे मिळालं, हे मी जन्मभर सांगत राहीन.

आता एक काम सांगते. आमच्या गल्लीतल्या एका काकांना डायलिसिस सुरू करायचंय आणि घर विकायच्या गोष्टी चालल्या आहेत. डायलिसिसही योजनेत आहे हे मी त्यांना सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसत नाही. सोमवारी रेशनकार्ड घेऊन त्यांना तुमच्याकडे आणते. त्यांना कमी ऐकू येतं, तेव्हा जरा मोठ्याने वाचा.

तुमची,
पंक्चरवाल्या बाबांची मुलगी
पाचपावली, नागपूर