आजी आणि रिक्षावाल्या मामांचे आभार

ऑगस्ट २०१९च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि कामावर गेलेली मी पलीकडेच अडकले, तेव्हा माझी सहा वर्षांची मुलगी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या पाळणाघरात होती आणि घरी तिला सांभाळणारे दुसरे कोणीच नव्हते. जिन्यातल्या नमस्कारापुरती ओळख असलेल्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी तिला घरी आणले आणि रस्ता खुला होईपर्यंत आपल्याजवळ ठेवले. वीज नव्हती, तरी गल्लीतले रिक्षावाले मामा आजींचा मोबाईल रिक्षाच्या बॅटरीवर चार्ज करून देत, म्हणून रोज रात्री नऊ वाजता मला लेकीचा आवाज ऐकू येई. आजी वेण्या फार घट्ट घालतात, ही तिची तक्रार ऐकून मला किती हायसे वाटले! शाळेच्या अर्जावरचा दुसऱ्या संपर्काचा रकाना मी हट्टाने कोरा सोडत असे. आता तिथे या दोघांचे क्रमांक आहेत. आजी, मामा, उशिरा का होईना, मनःपूर्वक आभार.