ईजीएफआर ६४ आणि आत्याचा गोळ्यांचा डबा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

माझ्या रिपोर्टचा फोटो पाहिल्याबरोबर तू किडनीचा डॉक्टर शोधायला लागलीस. ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज, ६४; शेजारी लॅबने ठळक छापलेलं ‘लो’. जरा दम धर.

हा आकडा कुठलं यंत्र मोजत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा कचरा; ती मंदावली की रक्तात साचतो), वय आणि स्त्री की पुरुष, एवढं सूत्रात घालून तो काढतात. माझं क्रिएटिनिन १.२. त्याच सूत्रात ७२ ऐवजी वय ३० घातलं तर उत्तर ८३ येतं. करून पाहिलं मी. रिटायर्ड माणसाला दुसरं काम काय!

एकेका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, जन्मतःच मिळतात. पुढे नवीन होत नाहीत. चाळिशीच्या आगेमागे त्या एकेक करून वठू लागतात आणि गाळण्याचा वेग दर दहा वर्षांनी सात-आठ अंकांनी उतरतो. सगळ्यांचाच असंही नाही: अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षानुवर्षं तपासलेल्या निरोगी पुरुषांपैकी तिसऱ्या हिश्शात घट दिसलीच नाही. मी उरलेल्यांतला. लघवी घट्ट करायची ताकदही कमी होते, म्हणून रात्री उठावं लागतं (प्रोस्टेटचा वाटा वेगळा). डॉक्टरांनी लघवीतलं अल्ब्युमिन (किडनी बिघडली की लघवीत झिरपणारं प्रथिन) पाहिलं, ते नॉर्मल आहे. बीपी आटोक्यात आहे. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त देईन. तोवर हे दुखणं नव्हे, वय आहे.

मला घोर आहे तो तुझ्या आत्याचा. क्रिएटिनिन ०.९ आलं म्हणून घरात सगळे खूश. अगं, क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तिच्या हातापायांच्या काड्या झाल्यात. ते तयारच कमी होतं, मग रक्तात दिसणार कुठून? त्यात गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची पट्टी उशाशी असते. या गोळ्यांनी किडनीचा रक्तपुरवठा घटतो. वर बीपीची गोळी, त्यात लघवी वाढवणारं औषध. उतारवयात तहानही कमी लागते, आणि ही ‘सारखं उठावं लागतं’ म्हणून मुद्दाम पाणी टाळते. अशात एकदा जुलाब झाले की किडनी अचानक बसू शकते.

माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. दिवाळीला आलीस की तिचा गोळ्यांचा डबा घेऊन तिला डॉक्टरांकडे ने. पट्टी उशीखाली लपवते, तीही घे.

तुझा,
बाबा