पेशींच्या मधली जागा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. गर्भारपणाच्या सव्विसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या बाळाच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये कॉर्टेक्सखाली, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराखाली, जो रुंद, उजळ पट्टा दिसतो, तो कसला, असं तू परवा विचारलंस. हे फोनवर उरकण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

तो थर म्हणजे सबप्लेट. तिथे पेशी विरळ आणि त्यांच्या मधला ऐवज पाण्याने भरलेला, म्हणून टी-टू चित्रात, म्हणजे पाणी उजळ दाखवणाऱ्या एमआरआयच्या प्रकारात, तो उजळतो. त्या ऐवजात हायलुरोनान असतं, साखरेच्या कणांची लांबच लांब साखळी. सब्जाचं बी फुगतं तशी ती पाणी धरून फुगते. उंदरात हा थर अगदी पातळ, मकाक माकडात चांगला जाड. माणसात तर तो ऐन भरात असताना वरच्या कॉर्टिकल प्लेटच्या, म्हणजे पुढे कॉर्टेक्स होणाऱ्या थराच्या, जवळजवळ चौपट होतो! कोस्तोविच आणि राकिच या मेंदूच्या अभ्यासकांनी 1990 मध्ये माणूस आणि माकड यांच्यातल्या या थराचा सविस्तर आढावा घेतला.

थॅलॅमसकडून, म्हणजे मेंदूच्या मध्यभागी बसून इंद्रियांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या भागाकडून, आलेले तंतू थेट वर घुसत नाहीत. आधी या थरात मुक्काम ठोकतात, तोही कित्येक आठवडे. मकाकचं गर्भारपण जेमतेम 165 दिवसांचं, त्यात एवढी थांबाथांब! म्हणून ही जागा मोकळी आहे असं मला मुळीच वाटत नाही. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत ती कोरी सोडलेली दिसली की जीव तुटतो.

ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतला 2018 चा प्रयोग तर मी कितीदा वाचला असेन. मानवी गर्भाच्या कॉर्टेक्सचे काप जिवंत ठेवून त्यांत पेशीबाह्य जाळीतली, म्हणजे पेशींच्या मधल्या ऐवजातली, तीनच प्रथिनं घातली: हॅपलन-1, ल्युमिकन आणि कोलॅजेन-1. सपाट असलेली कॉर्टिकल प्लेट दुमडू लागली! हायलुरोनान तोडणारं एन्झाइम घातलं की घडी टिकेना. उंदराच्या कापांना मात्र घडी पडलीच नाही. म्हणजे वळ्या पडायला पेशींची संख्या वाढणं पुरेसं नाही, मधला ऐवजही तसाच लागतो.

पेशींबाहेर सोडलेल्या रीलिन या प्रथिनाचंही तसंच. त्याचं जनुक बिघडलं तर न्यूरॉनचे थर विस्कटतात आणि मेंदूवर पुरेशा वळ्या पडत नाहीत.

तुझ्या विभागातली चोवीस ते बत्तीस आठवड्यांची बाळं नेमकी हा थर भरात असताना जन्माला येतात. तुमचे रेडिओलॉजिस्ट अहवालात या पट्ट्याबद्दल काही लिहितात का? त्याची जाडी मोजतात का? सवडीने कळव, मला खरंच जाणून घ्यायचंय.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा मित्र