अडकलेला काउंटर शाफ्ट

भुसावळ,
मे अखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बाकी सगळं नंतर, आधी एक ऐक: त्या मिस्तरीला गॅस कटर लावू देऊ नको. नानांच्या जुन्या जीपच्या गिअरबॉक्समधला काउंटर शाफ्ट, म्हणजे गिअरचा गुच्छ ज्याच्यावर फिरतो तो दांडा, हलत नाही म्हणून गिअरची पेटीच कापायची आणि भंगारातली दुसरी बसवायची, हे मला मुळीच पटलेलं नाही. शाफ्ट नवा करून घेता येतो भो. पण ज्या गाडीने नानांनी रावेर ते पाल अख्खा सातपुडा पालथा घातला, तिची मूळची बिडाची पेटी एकदा गेली की गेली.

नेमका हाच शाफ्ट का धरला, ते बघ. गाडी कित्येक पावसाळे लिंबाखाली उघड्यावर उभी होती. सीजे-थ्रीबी जीपचा गिअरचा दांडा पेटीच्या झाकणातूनच वर येतो. त्याचं रबर फाटलं की पाणी सरळ आत. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि काउंटर शाफ्टही तळाशीच. शिवाय हा शाफ्ट स्वतः फिरत नाही. पेटीच्या पुढच्या-मागच्या भिंतींत तो गच्च बसवलेला असतो आणि गिअरचा गुच्छ त्याच्याभोवती फिरतो. त्यामुळे भिंतीतल्या भोकात गंज शिरला की वर्षानुवर्षं त्याला कुणी हलवत नाही.

आता सगळ्यात आधी लॉक प्लेट बघ. मागचा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी, उतरवलास की पेटीच्या मागच्या तोंडाशी एक छोटी पट्टी दिसेल. काउंटर शाफ्ट आणि रिव्हर्सचा शाफ्ट, दोघांच्या खाचांत ती अडकलेली असते. ती जागेवर असताना कितीही ठोकलं तरी शाफ्ट बाहेर येणार नाही, पेटी मात्र तडकेल. दुसरं म्हणजे दिशा. या पेटीत शाफ्ट पुढून ठोकून मागेच काढायचा. मिस्तरीने कुठून ठोकलं ते तू लिहिलेलं नाहीस. टोक फुगून छत्रीसारखं झालं असेल तर आधी कानशीने ती कड उतरव. तसंच ओढलंस तर ती भिंतीच्या भोकात ओरखडे पाडत जाईल, मग नवा शाफ्टही ढिला बसेल आणि तिथून तेल गळेल.

मग पेटी पुढचं तोंड वर करून, मागची बाजू जाड लाकडांवर टेकवून उभी कर. शाफ्टच्या बरोबर खाली मोकळी जागा हवी आणि आधार त्याच्या जवळच हवा. वरून गंज सोडवणारं तेल सोड. नसेल तर डिझेलमध्ये थोडं गिअर ऑइल मिसळ. रोज संध्याकाळी थोडं घालत जा आणि विसरून जा. फटीतून झिरपायला त्याला वेळ लागतो, त्यात घाई चालत नाही.

आणि ठोकण्याआधी फिरव. माझा सगळा भर यावरच आहे. मागच्या टोकाला लॉक प्लेटची खाच आहेच, तिच्यात बसेल अशी पोलादी पट्टी घासून घे आणि पाना लावून शाफ्टला डावीकडे-उजवीकडे ताण दे. केसभर जरी हलला तरी गंजाची पकड तुटली समज. हातोड्याचा घाव गंजाला आणखी ठासतो, पीळ त्याला भुगा करतो. फिरायला लागला की पितळी रॉड ठेवून जड हातोड्याचे मोजके, सरळ घाव दे. हलक्या हातोडीने शंभरदा टकटक केलीस तर टोकच फुगेल.

तू लिहितोस, इथे 45 अंश उन्हात पेटी ठेवली तर सुटेल का. नाही. बीड आणि पोलाद जवळजवळ सारखंच फुगतं, दोघं मिळून तापले तर फट तेवढीच राहते. फक्त मागच्या भिंतीला, भोकाच्या भोवती ब्लो लॅम्प गोल फिरवत तापव आणि शाफ्टच्या टोकाला बर्फ लाव. वीसेक मिलिमीटरच्या भोकाला भिंत शाफ्टपेक्षा 80 अंश जास्त तापली तर मिळतात 0.02 मिलिमीटरपेक्षाही कमी. पण तेवढं पुष्कळ आहे. एकाच जागी ज्योत धरू नको, बीड तडकतं. आणि आधी तेल-डिझेल पुसून पेटी पूर्ण कोरडी कर, आग लागायला वेळ लागत नाही.

एवढं करूनही अडूनच बसला तर शाफ्टचा बळी द्यायचा. गिअर आणि भिंतीच्या मधल्या बारीक फटीत थ्रस्ट वॉशर, म्हणजे गिअर भिंतीला घासू नये म्हणून घातलेली चकती, असतो, तिथे पातळ डिस्कने शाफ्ट कापायचा आणि भिंतीतले तुकडे वेगवेगळे काढायचे. वॉशर जाईल, जाऊ दे. नवा शाफ्ट करताना मात्र साधं लोखंड घेऊ नको, त्यावर गिअर टिकणार नाहीत. ईएन 353 या पोलादाचा दांडा, वरून केस हार्डनिंग (फक्त वरचा थर कडक करणं) आणि मग ग्राइंडिंग, एवढं लेथवाल्याला बजावून सांग. मापासाठी जुना शाफ्ट, तुकडे झाले तरी, जपून ठेव.

शाफ्ट अखंड निघत असेल तर त्याच्या मागोमाग गुच्छाच्या लांबीचा, किंचित बारीक गोल दांडा घालत जा. आत बेअरिंगच्या सुया असतील तर त्या पेटीभर पांगणार नाहीत आणि वॉशरही जागेवर राहतील.

नानांना माझा नमस्कार सांग. गाडीची बॅटरी, वायरिंग काही उघडू नको, ते आपण सावकाश बघू. लॉक प्लेट निघाली की फोन कर, मी पितळी रॉड आणि ब्लो लॅम्प घेऊन रावेरला येतो. तोवर फक्त तेल सोडत राहा.

तुझाच,
जुना दोस्त