कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चार वर्षांपूर्वी बांधाच्या वादातून माझ्या धाकट्या भावावर कोयत्याने वार झाला. मनगटाच्या वर नऊ टाके पडले. हात वाचला, पण अजूनही म्हशीची धार काढायला बसला की मध्येच बोटं बधिर होतात आणि चरवी भावजयीच्या हातात द्यावी लागते. गेल्या महिन्यात निकाल लागला. आरोपी दोषी ठरला. शिक्षा काय, तर कोर्ट उठेपर्यंत तिथे बसायचं आणि दंड भरायचा. संध्याकाळी तो आमच्याच बसने गावात परतला.

निकालाची प्रत कन्नडमध्ये. कन्नड शाळेत शिकणाऱ्या भाचीने ती वाचून दाखवली. ‘आरोपीचा पहिलाच गुन्हा’ असं आलं तेव्हा भावाने तिला ती ओळ परत वाचायला लावली. याच माणसाला सीमेपलीकडे महाराष्ट्रात अशाच हाणामारीत आधी शिक्षा झालेली आहे. सीमेवरचं महाराष्ट्रातलं शिनोळी गाव इथून, बेळगाव तालुक्यातून, हाकेच्या अंतरावर, पण पलीकडची नोंद पोलिसांनी मागवली नाही, सरकारी वकिलांनी विचारली नाही. न्यायाधीशांपुढे जो कागद आला त्यावर त्यांनी निकाल दिला, हे मला मान्य आहे. पण शिक्षा ठरवण्यापूर्वी ‘याच्यावर आणखी कुठे काही आहे का’ एवढं विचारायला त्यांना कोणी अडवलं होतं?

वकिलांकडे बसल्यावर जे कळलं ते इतरांनाही कळावं म्हणून लिहीत आहे. वर्षभर किंवा त्याहून जास्त कैदेच्या गुन्ह्यात तीन महिन्यांपेक्षा कमी कैद दिली तर न्यायाधीशांना कारणं लिहावी लागतात. मात्र शिक्षा कोर्ट उठेपर्यंतची असेल तर हे बंधन नाही! सगळ्यांत हलकी शिक्षा द्यायची आणि तिचंच कारण सांगायचं नाही, हे मला कुणीतरी पटवून द्यावं.

दुसरं, अपील. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 2009 च्या दुरुस्तीपासून पीडिताला आरोपी सुटला, हलक्या कलमाखाली दोषी ठरला किंवा भरपाई कमी मिळाली तर अपील करता येतं. शिक्षा कमी झाली म्हणून मात्र करता येत नाही. ते फक्त सरकार करू शकतं. 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे आले, तरी यात फरक पडला नाही. त्यातल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 13 दुसऱ्यांदा गुन्हा करणाऱ्याला वाढीव शिक्षा देतं, पण ते खोट्या नाण्या-नोटांच्या आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरतं. दुसऱ्यांदा म्हैस चोरली तर ते लागू शकतं, दुसऱ्यांदा माणसावर कोयता चालवला तर नाही.

शिक्षेबाबत मार्गदर्शक तत्त्वं ठरवावीत, असं फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या न्या. मलिमठ समितीने 2003 मध्येच सांगितलं होतं. न्या. मलिमठ आपल्याच राज्याच्या, कर्नाटकाच्या, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. तेवढं होईपर्यंत निदान सीमाभागातल्या प्रत्येक मारहाणीच्या खटल्यात दोन्ही राज्यांतली नोंद कोर्टापुढे ठेवणं सक्तीचं करावं.

सरकारने अपील करावं म्हणून आम्ही सरकारी वकिलांकडे अर्ज दिला आहे. सोबत पलीकडच्या निकालाची नक्कल जोडली आहे. ती भावाने स्वतः तीन हेलपाटे घालून आणली.

आपली,
बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एक वाचक
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये)