मंजू, ती यादी फाडून टाक

म्युनिक,
रविवार, दुपारचे तीन
(निमू झोपलाय. तो उठेपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं.)

प्रिय मंजू,

तुमच्या इथल्या सहलीची तुझी यादी मिळाली. सात दिवस आणि अकरा ठिकाणं. रंगीत रकाने काय, कंसात गाड्यांच्या वेळा काय! मी मंदारला वाचून दाखवली तर तो म्हणाला, "ही मंजूची यादी आहे की सहल कंपनीची?" तू शाळेतही असंच करायचीस. परीक्षेआधी अभ्यासाचं वेळापत्रक इतकं सुरेख आखायचीस की त्यातच दोन दिवस जायचे.

रागावू नकोस, पण ती यादी फाडून टाक. तू एकटी येणार असतीस तर मी काही बोलले नसते. भावजी आणि तू दोघंच असतात तरी नसते बोलले. पण शाल्मली सात वर्षांची आणि छोटू चार. त्यांना घेऊन सोमवारी नॉयश्वानश्टाइन, मंगळवारी साल्झबर्ग आणि बुधवारी २,९६२ मीटर उंचीचं त्सुगश्पिट्झ शिखर? गुरुवारपर्यंत तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नसाल, हे मी लिहून देते.

मी अनुभवानं सांगतेय. दोन वर्षांपूर्वी ओवी चार वर्षांची होती आणि निमू एक. आम्हीही तुझ्यासारखेच हौशी. पहिला मान अर्थातच नॉयश्वानश्टाइनचा, तोच तो कॅलेंडरवरचा पांढरा राजवाडा. म्युनिकहून फ्युसेनपर्यंत दोन तास गाडी, मग बस, मग अर्धा-पाऊण तास चढ. चढावर निमूची बाबागाडी ढकलताना मंदारचा चेहरा असा झाला होता की मी फोटो काढायचं धाडसच केलं नाही. तिथे तिकिटावर आत जायची वेळ छापलेली असते. बाबागाडी आत नेता येत नाही. वर पोचलो तेव्हा आमच्या वेळेला दहा मिनिटं होती. नेमक्या त्याच मुहूर्तावर निमूनं डायपर अशी काही भरली की अंगावरचे कपडेही बदलावे लागले. मी बाकावर त्याला उताणा धरून पुसतेय, मंदार बॅगेत दुसरी पँट शोधतोय, आणि समोरच्या फलकावर आमचा नंबर लागला आणि गेलाही. गेलेली वेळ परत मिळत नाही, हे आम्हाला अगदी गोड आवाजात सांगण्यात आलं. चूक आमचीच होती, भांडायला कुणी नव्हतं. म्हणून आम्ही दोघं एकमेकांशी भांडलो.

दुसऱ्या लुडविग राजानं १८६९ साली हे बांधायला घेतलं आणि १८८६ मध्ये तो श्टार्नबर्गच्या तळ्यात मेलेला सापडला. वाडा अर्धवटच राहिला होता. ज्या राजाला तिथे परका माणूस नकोसा होता, त्याच्या वाड्यात तो गेल्यावर काही आठवड्यांतच तिकीट लावून लोकांना सोडायला लागले. आम्ही मात्र सिंहासनाच्या दालनात (तिथे सिंहासन कधी बसलंच नाही म्हणे) पाय न ठेवता खाली उतरलो आणि घोडागाड्यांच्या थांब्याजवळ बसून तिखटमिठाच्या पुऱ्या खाल्ल्या.

आता ऐक. पुढे कधीतरी ओवीच्या बालवाडीत मुलांना 'राजवाडा' काढायला सांगितला. कुणी बुरूज काढले, कुणी राजकन्या. आमच्या कन्येनं घोड्याचा पार्श्वभाग काढला आणि खाली लिदेचा भलामोठा ढीग, तपकिरी खडू संपेपर्यंत. कारण त्या दिवशी तिनं खरंच काही मन लावून पाहिलं असेल तर तेच. बाईंनी चित्र भिंतीवर लावलं. मी अजून त्या भिंतीजवळून मान खाली घालून जाते.

मंजू, मला वाटतं आपली फसगत कुठे होते माहितेय? आपण आपल्या लहानपणच्या सहली आठवून निघतो. वाईहून मेणवलीला जायचो आठवतं? नदीकाठचा तो नाना फडणवीसांचा वाडा, घाट, ती मोठी घंटा. माणसं किती असायची? तुझे आईबाबा, माझे, माझी काकू, तुझी आत्या, शेजारच्या आजी, आणि पोरं मोजायची पद्धतच नव्हती. तू कंटाळलीस की आत्याच्या मांडीवर, मी रडले की काकूच्या. आई-बाबांना आपण दिवसभरात फार तर दोनदा दिसत असू. इथे आम्ही चौघंच. दोन मोठे, दोन छोटे. एकाला शी लागली आणि दुसरीला भूक लागली की फौज संपली. परदेशात मुलांना घेऊन फिरताना पैसे पुरतात, गाड्या वेळेवर नसल्या तरी येतात, पण मांड्या कमी पडतात गं. हे कुठल्याच प्रवासाच्या माहितीत लिहिलेलं नसतं.

म्हणून आमच्या घरात आता एकच नियम आहे: एका दिवशी एक गोष्ट, आणि तिथे पाणी, माती किंवा चाकं यांतलं काहीतरी हवंच. डॉइचेस म्युझियममध्ये गेलो तर बाकी सगळं सोडून थेट मुलांच्या विभागात. तिथे इतकी मोठी गिटार आहे की मुलं तिच्या पोटात शिरून बसतात, आणि खरीखुरी अग्निशमनाची गाडी आहे चढायला. तीन तास तिथेच. जहाजं, विमानं सगळी राहिली. राहू देत. प्राणिसंग्रहालयात निमूनं हत्तीकडे पाठ करून अर्धा तास कुंपणापलीकडचा जेसीबी पाहिला. तिकीट हत्तीचं, पाहिला जेसीबी. असो.

पण आमचं खरं ठिकाण म्हणजे इझार. ही इथली नदी, ऑस्ट्रियातल्या डोंगरातून येते आणि शहराच्या मधोमध वाहते. पूर्वी तिला दगडी काठांत बांधून सरळ करून टाकलं होतं. मग २००० ते २०११ या काळात शहरातल्या आठ किलोमीटरच्या पट्ट्यात ते काठ फोडले आणि नदीला पुन्हा ऐसपैस पसरायला जागा दिली. आता फ्लाउखर म्हणून भाग आहे तिथे नुसते गोटेच गोटे. पांढरे, करडे, मधूनच एखादा हिरवट. पाणी जूनमध्येही असं गार की घोट्यापर्यंत पाय घातला तरी कळ मस्तकात जाते. निमू काठावर बसतो, दोन्ही हातांनी एक दगड उचलतो, पोटाशी धरतो, दोन पावलं टाकतो आणि सोडून देतो. डुबुक. मग माझ्याकडे वळून म्हणतो, "नोखमाल!" म्हणजे 'पुन्हा एकदा'. मराठीत त्याला 'पुन्हा' येतं, पण नदीवर तो जर्मनच बोलतो, का कुणास ठाऊक. एकदा मी मोजले, त्रेचाळीस दगड. त्रेचाळिसाव्यालाही पहिल्याइतकाच आनंद. मी आपली शेजारी बसून पोळीचा रोल खात होते, आणि आपल्या वाईच्या गणपती घाटाच्या पायऱ्यांवर बसल्यासारखं वाटलं. गर्दी तेवढी वेगळी.

गर्दीवरून आठवलं, आधीच सांगून ठेवते. फ्लाउखरच्या काही भागात लोक अंगावर एक चिंधी न ठेवता उन्हात पडलेले असतात. कायद्यानं चालतं. आईबाबा आले होते तेव्हा मला सांगायचं राहिलं. बाबांनी तासभर समोरच्या झाडांचं इतकं बारकाईनं निरीक्षण केलं की आई शेवटी म्हणाली, "अहो, बगळा उडून गेला केव्हाच." मुलांना मात्र त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही. भावजींना तयार कर.

आता बिअर गार्डन. सासूबाईंना सांगताना 'बाग' एवढंच सांग, पहिला शब्द गिळून टाक. पण लहान मुलांना न्यायला मला याहून चांगली जागा या शहरात सापडलेली नाही. पूर्वी इथे उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. म्हणून थंडीत बनवलेली बिअर नदीकाठी तळघरं खणून त्यात साठवायचे, आणि वर सावली राहावी म्हणून पसरट पानांची चेस्टनटची झाडं लावायचे. त्या सावलीत लोक बसायला लागले. गावातल्या खानावळवाल्यांनी ओरड केली, तेव्हा १८१२ साली इथल्या माक्स योसेफ राजानं तोडगा काढला: तळघरवाल्यांनी बिअर खुशाल विकावी, जेवण विकू नये. मग काय, लोक घरून डबा आणू लागले! आता जेवण मिळतं तिथे, पण डब्याचा हक्क अजून शाबूत आहे. ज्या टेबलावर कापड अंथरलेलं नाही तिथे बसायचं, प्यायला त्यांच्याकडून घ्यायचं आणि आपला डबा उघडायचा. कुणी डोळे वटारत नाही. परदेशात दशमी-चटणी उजळ माथ्यानं खायची ही एकमेव जागा असावी.

आम्ही हिर्शगार्टनमध्ये जातो. आठ हजार माणसं बसतील एवढी जागा, एका बाजूला कुंपणात हरणं, दुसऱ्या बाजूला मुलांना खेळायला वाळू आणि घसरगुंड्या. मुलं नजरेच्या टप्प्यात आणि आपण बाकावर. टेबलं लांबलचक, अनोळखी लोकांबरोबर बसायची पद्धत. मागच्या उन्हाळ्यात शेजारी एक आजी-आजोबा आले. त्यांनीही डबा काढला: ब्रेड, चीज आणि मुळा. आपलाच मुळा गं, फक्त स्प्रिंगसारखा गोल गोल चिरलेला आणि वर मीठ. आजींनी मुलांना दिला. मी म्हटलं आपणही काहीतरी द्यावं, म्हणून दशमी पुढे केली आणि लसणाच्या चटणीची डबी. मी 'अगदी थोडी' असं सांगेपर्यंत आजोबांनी चमचा भरून तोंडात टाकली होती. चेहरा गाजरासारखा. लिटरचा मग उचलला तो निम्मा करूनच खाली ठेवला. मी माफी मागतेय, आजी हसून हसून टेबलावर आडव्या. आणि आजोबांनी डोळे पुसले, शांतपणे दशमीचा तुकडा मोडला आणि परत डबीत बुडवला. निमूनं लगेच पुकारा केला, "नोखमाल!" त्यानंतरचे दोन तास आम्हाला मांड्या कमी पडल्या नाहीत. निमू आजींच्या मांडीवर बसून मुळा खात होता.

थोडं कामाचं. बव्हेरियात, म्हणजे आमच्या या राज्यात, फिरायला 'बायर्न टिकेट' काढ. एका तिकिटात पाच जणांपर्यंत मोठी माणसं दिवसभर फिरू शकतात आणि तुझी दोन्ही मुलं सोबत फुकट. सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं आणि वेगवान आयसीई गाडीत चालत नाही, हे विसरू नकोस. साल्झबर्गलाही याच तिकिटावर जाता येतं, आणि हवं तर तेवढं एक ठेव यादीत. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणजे खरंच बंद. दूध, केळी, डायपर सगळं शनिवारी घेऊन ठेवावं लागतं. स्टेशनांवरच्या लिफ्टवर विसंबू नकोस. परवाच एका स्टेशनावर लिफ्ट बंद होती आणि मी बाबागाडी घेऊन जिन्यापाशी उभी. एक पोरगा आला, कानात गाणी, न विचारता पुढची चाकं धरली, वर नेऊन ठेवली आणि माझे आभार पोचायच्या आत गेलासुद्धा. असे लोक भेटतात. पण बाबागाडी हलकी आण.

आणि पाऊस. तुला वाटेल जून म्हणजे ऊन. इथे जूनमध्ये दुपारी चारला आभाळ कोसळतं. पाऊस आला म्हणून इथे कुणी मुलांना घरात ठेवत नाही. वाईट हवा नसतेच, कपडे चुकीचे असतात, असं हे लोक म्हणतात. सुरुवातीला मला त्याचा रागच यायचा. मग बालवाडीतून ओवीच्या सामानाची यादी आली, त्यात 'माट्शहोझं' होतं. रबरी विजार, छातीपर्यंत, खांद्यावर पट्टे. मी तिला चिखलविजार म्हणते. ती घातली की पोर डबक्यात बसतं, लोळतं, आणि घरी आल्यावर नळाखाली धरलं की विजार स्वच्छ. आई आली होती तेव्हा ओवी पावसात डबक्यात फतकल मारून बसली होती. आई दहा मिनिटं "अगं उठव तिला, न्यूमोनिया होईल" करत होती. मग म्हणाली, "आपल्याकडे का नव्हती गं ही?"

इथल्या दुकानात नवी घेऊ नकोस, महाग असते. पुढच्या शनिवारी आमच्या बालवाडीत मुलांच्या जुन्या कपड्यांचा बाजार आहे, तिथे चांगल्या मिळतात, पण दार उघडल्यावर अर्ध्या तासात संपतात. इथे मुलांच्या कपड्यांची मापं वयावर नसतात, उंचीवर असतात: १०४, ११०, ११६ अशी. तेव्हा शाल्मली आणि छोटूला भिंतीला उभं कर आणि दोघांची उंची सेंटीमीटरमध्ये कळव. शुक्रवारपर्यंत.

निमू उठला. हाका मारतोय.

तुझी,
वैजू

ता. क. लसणाची चटणी जास्त आण. आजोबांनी विचारलं होतं.