एका पत्र्याबद्दलचं पत्र

टिळकवाडी, बेळगाव
दि. १८ जून

प्रिय पक्या,

गणपतीनंतर तुझे दोन फोन मी घेतले नाहीत. तिसऱ्याला ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कळवलं, तेव्हा मी दुसऱ्या रेल्वे गेटापाशी गाडी जायची वाट बघत स्कूटरवर बसलो होतो. शिव्या घालायच्या त्या आत्ताच घालून घे, मग पुढं वाच. हे फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मधेच हसला असतास, म्हणून कागद घेतला. तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर काठावर.

मर्दा, मी घरात मुस्तफाचं व्हिडिओ गेमचं मशीन बांधायलोय.

खरंच. माळ्यावरच्या खोलीत, उभं, मामाच्या दुकानात होतं तसं. अठरा एमएमचा प्लाय, वरून काळा सनमायका, आत ऑफिसनं मोडीत काढलेला डेस्कटॉप. मॉनिटर जुना, १९ इंची, चौकोनी. नव्या लांबड्या स्क्रीनवर चित्र ताणलं की मुस्तफा दिसतो तुझ्या लग्नाच्या अल्बममधल्या तुझ्यासारखा. या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. खेळायला मिळणाऱ्या चौघांतला मुस्तफा एक, पण गावभर गेम त्या पिवळ्या टोपीवाल्याच्याच नावावर.

चालतं ते मेम नावाच्या सॉफ्टवेअरवर. एका इटालियन माणसानं १९९७ साली ते सुरू केलं. म्हणजे आपण नववीत, ट्यूशनचे पैसे मामाच्या गल्ल्यात घालत होतो तेव्हा. जुन्या बोर्डावरच्या चिपा जे काम करायच्या त्याची हे हुबेहूब नक्कल करतं, आणि चिपांतला मजकूर फाईल करून त्याला द्यायचा. ती फाईल कुठून आणली ते पत्रात लिहीत नाही, तू सरकारी माणूस. पण फाईल एका आवृत्तीची आणि मेम दुसऱ्या, त्यामुळं तीन रात्री काळ्या स्क्रीनसमोर बसलो. चौथ्या रात्री कळलं, आवाजाच्या चिपेची फाईल वेगळी लागते. मग ते संगीत वाजलं आणि खाली आई उठून बसली.

आणखी एक गंमत. या गेमच्या अस्सल बोर्डावर एक बॅटरी असायची. आवाजाच्या प्रोसेसरची किल्ली, म्हणजे कुलूपबंद प्रोग्रॅम वाचायचा सांकेतिक आकडा, तिच्या जिवावर टिकलेली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाणार आणि बोर्ड मेला. कॅपकॉमनं नकला होऊ नयेत म्हणून केलेली सोय. मामाचा बोर्ड अस्सल असायची शक्यता शून्य, तेव्हा तो अजून कुठंतरी ठणठणीत असेल.

(तू एका कॉईनवर गेम संपवलास ही गोष्ट मागच्या वेळी माझ्या मुलाला सांगून गेलास. त्याला मी खरं सांगितलंय. शेवटच्या बॉसला करंट गेला होता. संपवला नाहीस.)

आता मूळ मुद्दा. स्टिक आणि बटणं बसतात तो समोरचा पत्रा. प्लायला भोकं पाडली की कडा उडतात, म्हणून मेस्त्री म्हणाला दोन एमएमचा लोखंडी पत्रा लेझरवर कापून आणू, उद्यमबागेत माझ्या ओळखीचा आहे. मी पुठ्ठ्यावर नकाशा काढून दिला. रुंदी २६ इंच. दोन खेळाडू, दोन स्टिका, प्रत्येकी सहा बटणं, कारण पोरगं स्ट्रीट फायटरसुद्धा मागतंय. बटणाला ३० एमएमचं भोक, स्टार्टला २४. कुणाच्या शॉपमध्ये नेणार ते मी विचारलं नाही. तू म्हणशील मुद्दामच विचारलं नाहीस. असेल.

गेल्या शुक्रवारी पत्रा आला. रुंदी ३६ इंच. कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंनी पाच-पाच इंच बाहेर. मला वाटलं मापात गोंधळ झाला, मेस्त्रीवर ओरडणार होतो, तेवढ्यात भोकं मोजली. स्टिकांची तीन. डावीकडं सहा बटणं, मधे सहा बटणं, आणि उजव्या टोकाला एक स्टिक, दोन बटणं. दोनच. मारायचं आणि उडी.

पक्या, मी तिथं खुर्चीवरच बसलो.

मेस्त्री म्हणाला, ‘पैसे घेतले नाहीत त्यांनी. पुठ्ठा बघून हसले. मूरु मंदि आट ऐति अदु, असं म्हणाले आणि स्वतः मशीनवर बसले.’ तीन माणसांचा खेळ आहे तो. म्हणजे शॉप बसूचं. त्यानं माझं अक्षर ओळखलं असणार. पाचवीपासून त्याला मराठीचा गृहपाठ मीच देत होतो उतरवायला, चुकांसकट.

मामाच्या मशीनची ती तिसरी स्टिक आठवते? साध्या बोर्डाच्या वायरिंगमध्ये दोनच खेळाडूंची सोय असते, तिसऱ्याची वायर वेगळ्या कनेक्टरवरून घ्यावी लागते. हे आता स्वतः वायरिंग करताना कळलं. मामानं ती कशीतरी पिळून, चिकटपट्टी लावून दिलेली, म्हणून ती डावीकडं जायचीच नाही. बसू उजव्या कडेला जाऊन उभा राहायचा आणि समोर येईल त्याला हाणायचा. आपण त्याला ‘वन-वे’ म्हणायचो. मुस्तफा कुणी घ्यायचा यावर तू आणि मी मारामारी करायचो. तुझ्या भुवईवरची खूण त्यातलीच, आणि ती मी दिली नाही, तू दुकानाच्या शटरवर आपटलास. पण एकदाही, एकदा तरी, आपण त्याला म्हणालो काय, बसू, आज तू या स्टिकवर ये? मला आठवत नाही. तुला आठवलं तर कळव, मला बरं वाटेल. तोही रुपयाच घालत होता.

आणि आता ते लिहितो जे तुला माहीत नाही. बसूच्या कर्जाला सोसायटीत सही करायच्या दिवशी मी खानापूरला गेलो नव्हतो. घरीच होतो. बसूनं बाहेरून दोनदा बेल वाजवली. हिनं जाऊन दार उघडलं आणि मी सांगितलं होतं तसं सांगितलं. चप्पल माझी दारातच होती. तू सात वर्षं माझ्या बाजूनं त्याच्याशी भांडलास, तुझ्या भावाच्या लग्नात त्याला बोलावलं नाहीस, ते सगळं त्या खानापूरच्या जोरावर. त्यानं लेझरचं मशीन शेवटी सासऱ्याच्या सहीवर घेतलं. हा पत्रा त्याच मशीनवर कापलाय.

चिडलास तर चीड. पण आधी पत्र्याचं काय करू ते सांग. ही म्हणते दोन्ही बाजूंनी कापून घे, नाहीतर माळ्याच्या दारातून मशीन कधी खाली येणार नाही. ते खरं आहे, दार ३० इंचाचं. आईनं तिसऱ्या स्टिकच्या भोकात उदबत्ती लावून बघितली, नीट राहत नाही म्हणाली. पोरगं रोज विचारतंय, तिसरा कोण? मी सांगितलं, पक्याकाका. त्यानं सांगितलं, पक्याकाका तर दुसरा.

तुझी बदली झाली ते तुझ्या बहिणीकडून कळलं, अभिनंदन म्हणायचं की नाही ते तू ठरव. अनूच्या बारावीचं काय झालं? वहिनींना कुंदा पाठवतो, यावेळी खरंच.

मी मुंबईहून तिसरी स्टिक मागवली आहे. स्टिकची हालचाल कॉम्प्युटरला कळवणारा यूएसबीचा तिसरा एन्कोडरही. काल रात्री जोडून टेस्ट मेन्यू उघडला आणि चारी बाजूंना हलवून बघितली. टक टक वाजते. डावीकडं मी जरा जास्तच वेळा हलवली.

तुझा
संजू

ता. क. दोनदा उद्यमबागेच्या रस्त्याला लागलो आणि तिसऱ्या गेटावरून परत फिरलो. तू आधी फोन कर त्याला. चप्पल सोडून बाकी सगळं सांगितलंस तरी चालेल. नको, चप्पलही सांग.